मंदीत शाळांच्या इमारतींवर सरकारी पैसा घालावा का?

प्रश्न असा आहे: "आर्थिक मंदी आहे, सरकारचं उत्पन्न घटलंय. अशा वेळी शाळांच्या इमारतींवर खर्च करावा, की तो पैसा शिक्षकांच्या पगाराकडे आणि मुलांच्या पुस्तकांकडे वळवावा?"

करावा. आणि सगळ्यात आधी छतांवर करावा.

प्रश्नातला तो 'की' वाचला आणि लिहायला बसले. मी २३ वर्षं मुख्याध्यापिका होते, त्यातली सहा वर्षं एका छतापायी गेली. आणि हाच 'की' घेऊन माझा मोठा भाऊ आयुष्यभर माझ्याशी वाद घालत आलाय. दादा वित्त विभागात होता. माझ्या शाळेची फाइल त्याच्या टेबलावर कधी आली नाही, पण तशा फायली त्याने शेकड्यांनी परत पाठवल्या असतील. त्याचं ठरलेलं वाक्य होतं, "भिंती शिकवत नाहीत गं, शिक्षक शिकवतो." घरात कुणाचंही लग्न असो, बारसं असो, आम्ही दोघं एका कोपऱ्यात बसून हेच बोलत असायचो.

आमच्या शाळेच्या दोन इमारती होत्या. पुढची जुनी, जाड भिंतींची आणि उतरत्या छपराची, तिने कधी त्रास दिला नाही. मागची नंतर बांधलेली, दुमजली, सहा वर्गांची, वर सपाट स्लॅब. वरच्या मजल्यावरच्या सातवीच्या वर्गात फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक पिवळसर डाग दिसायला लागला. पावसाळा संपला तरी तो वाळेना. दोन महिन्यांनी तिथला रंग पोपडे धरून सुटला आणि मुलांच्या वह्यांवर भुगा पडायला लागला. मी पत्र पाठवलं. कनिष्ठ अभियंता आला, तरुण मुलगा, कामाचा. गच्चीवर चढला. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची तोंडं गाळाने बुजली होती आणि वरच्या जलरोधक थराला जागोजाग भेगा पडल्या होत्या. खाली येऊन त्याने छताला हातोडीने ठोकत ठोकत अख्खी खोली पालथी घातली. बहुतेक ठिकाणी टणक आवाज आला, दोन ठिकाणी पोकळ. त्या दोन जागांवर त्याने खडूने गोल काढले. म्हणाला, "मॅडम, वरचा थर उखडून नवा घालायचा, नळ्या मोकळ्या करायच्या आणि एवढ्या दोन जागा फोडून भरायच्या. पंधरा दिवसांचं काम आहे. यंदा झालं तर एवढ्यावर भागेल."

अंदाजपत्रक त्याने त्याच आठवड्यात करून दिलं. त्याची प्रत माझ्याकडे अजून आहे.

आणि नेमकं त्याच वर्षी सगळीकडचं अर्थचक्र मंदावलं. फाइल परत आली. तिच्यावरचा शेरा मला पाठ आहे: "निधीच्या मर्यादेमुळे तूर्त स्थगित. पुढील आर्थिक वर्षात फेरप्रस्ताव सादर करावा." मी तेव्हा रागावलेही नाही. वाटलं, एका वर्षाने काय बिघडतंय? कठीण दिवस आहेत, सगळ्यांनीच थोडी कळ काढायची.

त्या एका वर्षात काय बिघडतं ते मला नंतर त्याच अभियंत्याने समजावलं. काँक्रीटच्या आतली सळई कोरडी आहे तोवर काँक्रीट तिला जपतं. पाणी तिच्यापर्यंत पोचलं की ती गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्या फुगण्याने काँक्रीटला आतून तडा जातो. त्या तड्यातून आणखी पाणी, आणखी गंज. म्हणजे पहिल्या वर्षी तुम्ही फक्त वरचा थर दुरुस्त करत असता, दुसऱ्या वर्षी थर आणि काँक्रीट, तिसऱ्या वर्षी थर, काँक्रीट आणि सळया. डी सिटर नावाच्या अभियंत्याने १९८४ मध्ये याचा ठोकताळाच मांडून ठेवलाय. त्याला पाचाचा नियम म्हणतात. बांधतानाच नीट करायला जिथे एक लागतो, तिथे गंज सुरू होण्याआधी देखभालीला पाच, गंज लागल्यावर पंचवीस आणि तो सगळीकडे पसरल्यावर सव्वाशे. हा ठोकताळा आहे, प्रत्येक इमारतीला तंतोतंत लागू होत नाही. पण खर्च कसा उसळतो ते त्यातून कळतं, आणि मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

दुसऱ्या वर्षी आम्ही गच्चीवर ताडपत्री घातली. पालकांनी आणून दिली होती. कडेने विटा ठेवल्या. वाऱ्याने एक बाजू उडाली, पाणी ताडपत्रीखाली शिरलं आणि तिथेच साचून राहिलं, म्हणजे आम्हीच स्लॅबला पाण्यात ठेवलं. फेरप्रस्ताव पाठवला, आकडा मोठा झाला होता. तो परत आला. स्मरणपत्र पाठवलं, त्याला फक्त आवक क्रमांक मिळाला. त्याच वर्षी फाइल परत पाठवणाऱ्या त्या कचेरीच्या दर्शनी भागाला नवा रंग लागला. मी कामासाठी गेले तेव्हा परांची अजून उतरायची होती. कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

तिसऱ्या वर्षी एका सोमवारी सकाळी शिपाई धावत खाली आला. वर गेले. सातवीच्या वर्गात मधल्या रांगेतल्या तिसऱ्या बाकावर छताचा मोठा तुकडा पडला होता. बाक मोडलं नव्हतं, पण वरची फळी दुभंगली होती. छतातून गंजक्या सळया लोंबत होत्या. खडूने काढलेल्या दोन गोलांपैकी एक त्या पडलेल्या तुकड्यावर होता. रविवारी रात्री केव्हातरी पडलं असणार. त्या बाकावर बसणाऱ्या दोघी मुली माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. एकीने विचारलं, "बाई, आज कुठे बसायचं?"

त्याच दिवशी इमारत धोकादायक ठरवून बंद केली. सहा वर्ग पुढच्या इमारतीत कोंबायचे म्हणजे दुबार शाळा. अर्धी मुलं सकाळी, अर्धी दुपारी. तासिका दहा मिनिटांनी कमी. प्रयोगशाळेचं सामान खोक्यांत भरून जिन्याखाली ठेवलं, ग्रंथालयाच्या खोलीत पाचवी बसली. दादा म्हणतो शिक्षक शिकवतो. तेच शिक्षक होते. एकही कमी झाला नव्हता आणि त्यांचे पगारही वेळेवर होत होते. पण ज्या वर्गात साठ मुलं दाटीने बसलीत, मागच्यांना फळा दिसत नाही आणि बाहेर व्हरांड्यात दुसरा वर्ग पाढे म्हणतोय, तिथे चांगल्यातला चांगला शिक्षक आधी गोंगाटाशी झगडतो आणि उरलेल्या वेळात शिकवतो. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी त्या काळात एकही प्रयोग करून दाखवला नाही. करून दाखवायला जागाच नव्हती.

त्या दोघींपैकी एक दुपारच्या सत्रात गेली. दुपारचं सत्र सुटायचं तेव्हा थंडीच्या दिवसांत अंधारायला लागलेलं असायचं आणि तिचं घर लांब होतं. तिच्या वडिलांनी मला येऊन सांगितलं, सकाळचं सत्र देता का बघा. सकाळी जागा नव्हती. मी म्हणाले, थोडे दिवस थांबा, काम होईल. ते दोन महिने थांबले, मग मुलगी यायची बंद झाली. मी घरी गेले, बोलले, आठ दिवस आली, परत बंद झाली. नवी इमारत उभी राहिली तेव्हा ती शाळेत असती तर दहावी होऊन बाहेर पडली असती. ही गोष्ट मी दादाला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "एका मुलीवरून धोरण ठरत नाही." बरोबर आहे, ठरत नाही. मग आकडे घ्या.

१९३० च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकेने काय केलं? जून १९३३ मध्ये पब्लिक वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशन हे खातं काढलं, त्याला ३३० कोटी डॉलर दिले आणि हॅरॉल्ड इकिस या मंत्र्याच्या हाती सोपवलं. कामं स्थानिक मंडळांनी सुचवायची, केंद्राने खर्चाचा काही भाग अनुदान म्हणून द्यायचा आणि उरलेल्यासाठी लागेल तिथे कर्ज. १९३३ ते १९३९ या काळात त्या देशात शिक्षणासाठी ज्या नव्या इमारती झाल्या, त्यातल्या सुमारे ७० टक्क्यांना या खात्याचा पैसा होता. एवढी बेकारी असताना गवंडी, सुतार, नळकाम करणारे हाताला काम मिळालं म्हणून पोटाला लागले, आणि इमारती पुढच्या पिढ्यांना मिळाल्या.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. १० मार्च १९३३ ला संध्याकाळी सहाच्या सुमाराला कॅलिफोर्नियात लाँग बीचला भूकंप झाला. ७० शाळा पार कोसळल्या, आणखी १२० शाळांचं नुकसान झालं. शाळा सुटून मुलं घरी गेलेली होती म्हणून वाचली. बँका बंद पडत होत्या, राज्याकडे पैसा नव्हता, अगदी आजच्या प्रश्नासारखी परिस्थिती. तरी महिन्याभरात फील्ड कायदा मंजूर झाला: सरकारी शाळेची इमारत भूकंपात टिकेल अशीच बांधायची, नकाशे राज्याच्या वास्तुविभागाने तपासायचे आणि काम चालू असताना तपासनीस जागेवर हवा. त्यानंतर त्या कायद्याखाली बांधलेली एकही शाळा भूकंपात कोसळलेली नाही. "आत्ता परवडत नाही, सुबत्ता आल्यावर बघू" असं त्या लोकांनी म्हटलं असतं तर कुणी त्यांना दोष दिला नसता.

उलट टोकाचं उदाहरण इंग्लंडचं. तिथे २००४ पासून सगळ्या माध्यमिक शाळा नव्याने बांधायची किंवा दुरुस्त करायची ५५ अब्ज पौंडांची योजना चालू होती. आर्थिक संकटानंतर नवं सरकार आलं आणि ५ जुलै २०१० ला शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी ती रद्द केली. ७०० हून जास्त शाळांची कामं जागच्या जागी थांबली. योजनेत कागदपत्रांवर आणि सल्लागारांवर भरमसाट खर्च होत होता, हे खरं आहे आणि ते सुधारायलाच हवं होतं. पण सल्लागार महाग पडले म्हणून छत गळायचं थांबत नाही. तिथल्या शाळांमध्ये गेल्या शतकाच्या मध्यापासून एक हलकं, बुडबुड्यांचं काँक्रीट वापरलं होतं, ज्याचं आयुष्य साधारण तीस वर्षांचं धरतात. २०१८ मध्ये केंटमधल्या एका प्राथमिक शाळेचं असं छत आठवड्याच्या सुट्टीत कोसळलं. ते वाचताना मला आमचा रविवार आठवला. त्यानंतरही तिथल्या शिक्षण विभागाने वर्षाला सरासरी ४ अब्ज पौंड मागितले तेव्हा अर्थखात्याने ३.१ अब्ज दिले. जून २०२३ मध्ये तिथल्या लेखापरीक्षकांनी लिहिलं की सुमारे ७ लाख मुलं अशा शाळांत शिकतायत ज्यांना मोठ्या दुरुस्तीची किंवा पुनर्बांधणीची गरज आहे. आणि ३१ ऑगस्ट २०२३ ला, सत्र सुरू व्हायला काही दिवस असताना, याच काँक्रीटपायी शंभरावर शाळांना इमारती किंवा त्यांचे काही भाग बंद करायला सांगितलं गेलं.

मंदीत बांधकामं का कापली जातात हे मला दादामुळेच कळलं. पगार कापले तर माणसं रस्त्यावर येतात. पेन्शन, व्याज यांना हात लावता येत नाही. न सुरू झालेल्या कामाला मात्र कुणी वाली नसतो. छताची दुरुस्ती रद्द केली तर मोर्चा येत नाही. म्हणून ती पहिली जाते, आणि जाते तेव्हा तिला 'बचत' म्हणतात. हा शब्द मला मान्य नाही. ते कर्ज आहे, फक्त कुठल्याही खातेवहीत ते लिहिलेलं नसतं. मंदीत कंत्राटदार रिकामे असतात, निविदा अंदाजपत्रकाच्या खाली येतात, मजूर मिळतात. सुबत्तेत तेच काम करायला निघालात तर सगळेच बांधत असतात आणि तुमच्या शाळेकडे कुणी फिरकत नाही. मग मंदीत न करायचं, सुबत्तेत न होणारं काम करायचं केव्हा?

दादाकडेही एक जोरदार उदाहरण आहे, ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. त्याच महामंदीत शिकागोच्या शिक्षकांना महिनोन्‌महिने पगार मिळाले नाहीत आणि एप्रिल १९३३ मध्ये ते बँकांवर चालून गेले. "तिथे शाळेला छत होतं, शिक्षक उपाशी होता," असं तो म्हणतो. त्यावर माझं उत्तर असं की तिथले पगार थांबले ते स्थानिक करवसुली कोलमडल्यामुळे. लोकांनी मालमत्ता कर भरणंच सोडलं होतं. शाळा बांधल्यामुळे ते थांबले नव्हते. दोन्ही पैसे एका खिशातून येत नाहीत. पगार दर महिन्याचा खर्च, तो दर महिन्याच्या उत्पन्नातून भागला पाहिजे. चाळीस-पन्नास वर्षं टिकणाऱ्या इमारतीसाठी कर्ज काढणं रास्त आहे, कारण फेडणाऱ्यांची मुलंही तिच्यातच बसणार असतात. पगारासाठी कर्ज काढायला मीही विरोधच करीन.

आता काही गोष्टी ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. इमारत म्हणजे काहीही बांधा असं मी म्हणत नाही. अर्थतज्ज्ञ बार्बरा बियासी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शाळांवरच्या भांडवली खर्चाचा, म्हणजे इमारती आणि दुरुस्त्यांवरच्या खर्चाचा, अभ्यास २०२४ मध्ये मांडला. हवा खेळती आणि तापमान सुसह्य ठेवणं, विषारी द्रव्यं काढून टाकणं अशा मूलभूत कामांनी मुलांचे गुण वाढले. क्रीडासंकुलांनी आजूबाजूच्या घरांच्या किमती वाढल्या, गुण वाढले नाहीत. म्हणून उद्‌घाटनाची फीत कापता येईल असं सभागृह नको, आहे ते छत, आहेत ती स्वच्छतागृहं आणि आहे ती वायरिंग आधी. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये मंदी टाळायला शाळांवर १६ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त खर्च केला, देशभरातल्या शाळांत एकदम कामं काढली. तक्रारी आल्या त्या तीन-चार टक्के शाळांच्याच, पण काही राज्यांत सरकारी शाळांना तेच काम खाजगी शाळांपेक्षा महाग पडलं आणि साच्यातली इमारत माथी मारली गेली. घाईत हे होतं. आधीपासून तयार असलेली दुरुस्त्यांची यादी हाताशी असेल तर घाईतही पैसा बरोबर जागी जातो. आमचं अंदाजपत्रक तयारच होतं की.

जिथे मुलांची संख्या वर्षानुवर्षं घटतेय तिथे नवी इमारत बांधू नये. ज्या देशाला कर्जच मिळत नाही किंवा परक्या चलनात घ्यावं लागतं, त्याला माझं हे गणित तसंच्या तसं लागू नाही. आणि इंडोनेशियाचं उदाहरण कुणी देईल म्हणून सांगते: १९७३ पासून पाच-सहा वर्षांत त्यांनी ६१,००० प्राथमिक शाळा बांधल्या आणि त्यामुळे मुलं जास्त शिकली, पुढे त्यांची कमाई वाढली, हे अर्थतज्ज्ञ एस्थर डफ्लो यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं. पण तो तेलाच्या तेजीचा पैसा होता. मंदीत काय करावं याचा तो पुरावा नाही, इमारतीने काय होतं याचा आहे. दादाने 'भिंती शिकवत नाहीत' म्हटलं की मी त्याला हेच सांगते.

तुम्ही कुठल्या बाजूने हा प्रश्न विचारलाय ते मला माहीत नाही. पालक असाल तर सरकारी अर्थसंकल्पाच्या चर्चेत "शिक्षणावर किती" हे विचारू नका, त्याला मोठं उत्तर मिळतं. विचारा की गेल्या तीन वर्षांत किती शाळांच्या दुरुस्त्या स्थगित केल्या, तेव्हा त्यांचं अंदाजपत्रक किती होतं आणि आज किती आहे. दोन आकडे शेजारी लिहून मागा. मुख्याध्यापक असाल तर पहिल्या अंदाजपत्रकाची प्रत जपून ठेवा, तारखेसकट, शेऱ्यासकट. गच्चीवरच्या नळ्या मात्र पाऊस सुरू व्हायच्या आधी स्वतः उभं राहून साफ करून घ्या, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. ते माझ्याकडून राहिलं होतं.

आमची मागची इमारत शेवटी पाडली. डाग दिसल्यापासून सहाव्या वर्षी नवी उभी राहिली. पहिल्या अंदाजपत्रकातला आकडा एक धरला तर पाडकाम, राडारोडा हलवणं आणि नवं बांधकाम मिळून एकतीस लागले. दादा निवृत्त झाल्यावर मी दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले. त्याने चष्मा काढून नीट वाचले, आकडेमोड स्वतः करून पाहिली. म्हणाला, "हिशोब बरोबर आहे. पण त्या वर्षी तो एकसुद्धा नव्हता." मी त्याला कचेरीच्या रंगाचं सांगितलं. तो म्हणाला, ते वेगळ्या लेखाशीर्षातून, म्हणजे वेगळ्या कामासाठी राखलेल्या पैशातून झालं असेल.